मसाज थेरपिस्ट होताना : सोळा महिन्यांची नोंद

मसाज थेरपिस्ट म्हणून नोंदणी झाल्याचे पत्र मला २२ एप्रिल रोजी मिळाले. त्याआधीच्या सोळा महिन्यांत मी जिथे जिथे अडखळले, त्या जागा कोणी आधी दाखवल्या असत्या तर निदान दोन महिने, बरेचसे पैसे आणि उजव्या हाताचा अंगठा वाचला असता, म्हणून ही हकिकत क्रमाने लिहून ठेवत आहे. नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी १००० तासांचे शिक्षण लागते, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हा व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहे, आणि काही ठिकाणी या कामाला कसलाच परवाना लागत नाही. त्यामुळे माझे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण कामांचा क्रम बहुधा असाच राहील.

अकरा वर्षे मी एका कंपनीत हिशेब लिहीत होते. मान डावीकडे वळेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी तपासून, हाडांत काही दोष नाही असे सांगून मला एका मसाज थेरपिस्ट बाईंकडे पाठवले. मी थेट टेबलावर पालथे झोपायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. कोणत्या कुशीवर झोपता, फोन कोणत्या खांद्यात धरता, हाताला मुंग्या येतात का, रोज कोणत्या गोळ्या घेता. मान मोकळी व्हायला चार बैठका लागल्या. माझ्या मनात मात्र ती वीस मिनिटेच घर करून राहिली. हे काम नुसत्या हाताच्या जोराचे नाही हे तेव्हा प्रथम जाणवले, आणि त्याच जानेवारीत मी घरी विषय काढला. नवऱ्याने वही पुढे सरकवून "आधी खर्च मांड" एवढेच म्हटले. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "पण लोकांना काय सांगायचं गं?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते. तो प्रश्न रास्त होता, हे पुढे कळले.

फेब्रुवारीत तीन संस्था पाहिल्या. एका संस्थेत पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देऊ असे सांगण्यात आले, आणि तिथल्या माहितीपत्रकात सुगंधी तेलांची नावे दोन पाने भरून असली तरी शरीररचनेचा एक शब्दही नव्हता. दुसरीकडे अभ्यासक्रम चांगला होता, पण प्रत्यक्ष माणसांवर देखरेखीखाली सराव करण्याचे तास केवळ वीस होते. तिसरी संस्था घरापासून दीड तासावर होती आणि मी तीच निवडली, कारण तिथल्या लिपिकाने न विचारता दोन कागद हातात ठेवले: नोंदणी देणाऱ्या कार्यालयाने त्या अभ्यासक्रमाला दिलेल्या मान्यतेची प्रत, आणि मध्येच शिक्षण सोडल्यास किती शुल्क परत मिळेल याचे कोष्टक. संस्था पाहायला जाल तेव्हा हे दोन कागद मागा. कागद दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर शिकवण्याचा दर्जा पाहायला थांबू नये असे माझे मत झाले आहे.

अभ्यासक्रम ६०० तासांचा होता. त्यात १६० तास शरीररचना व शरीरक्रिया, २४० तास प्रत्यक्ष हातकाम, १२० तास देखरेखीखालील क्लिनिक, आणि उरलेले ८० तास आजार, स्वच्छता, आचारसंहिता व नोंदी यांसाठी होते. शुल्क माझ्या तेव्हाच्या साडेचार महिन्यांच्या पगाराइतके होते आणि ते तीन हप्त्यांत भरता आले. वहीत मांडलेला हिशेब इथवर बरोबर आला. मी मांडायला विसरले ते घडीचे टेबल, चादरींचे आठ जोड, तेल, परीक्षा शुल्क, प्रथमोपचाराचा वर्ग आणि विमा. हे सगळे मिळून आणखी दीड महिन्याचा पगार गेला. हिशेब हेच ज्या बाईचे काम, तिची ही गत झाली.

मार्च महिना कागदपत्रांत गेला. माझी शिक्षणाची प्रमाणपत्रे माहेरच्या आडनावाने आहेत आणि ओळखपत्र सासरच्या. त्यामुळे दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागले. मी त्याची एकच साक्षांकित प्रत केली, आणि पुढच्या वर्षभरात ती चार ठिकाणी लागली. दुसरी चूक पोलिसांकडून घ्यायच्या चारित्र्य प्रमाणपत्राची. प्रवेशासाठी ते लागत नसताना "एकदाचे होऊन जाऊ दे" म्हणून मी तेव्हाच काढून ठेवले. ते सहा महिनेच ग्राह्य होते, आणि नोंदणीची वेळ आली तेव्हा ते कधीचेच बाद झालेले होते. ज्या कागदाला मुदत असते तो शेवटी काढावा, आणि ज्याला नसते त्याच्या पाच प्रती आधीच करून ठेवाव्यात.

वर्ग ६ एप्रिलला सुरू झाले. संध्याकाळी तीन दिवस आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस. नोकरी मी सोडली नव्हती, आणि अजूनही कोणाला सोडा असे सांगणार नाही. पहिले सहा आठवडे तेलाची बाटली उघडली गेली नाही. मानवी शरीरात २०६ हाडे आणि सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक प्रमुख स्नायू कोणत्या हाडापासून निघतो, कुठे जाऊन चिकटतो आणि आखडला की कुठे दुखते, हे पाठ करायचे होते. बावीस वर्षांच्या मुलांबरोबर वयाच्या अडतिसाव्या वर्षी घोकंपट्टी करताना मला रडू आले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. उपाय शेवटी स्वयंपाकघरात सापडला. भांडी घासताना मी एकेक हालचाल करून त्या वेळी कोणता स्नायू काम करतो ते मोठ्याने म्हणू लागले. खांदे उचलले की ट्रॅपेझियस आणि लेव्हेटर स्कॅप्युली, टाचा उचलल्या की पोटरीतले गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस. मुलगी हसायची, पण माझ्या परीक्षेआधी तिलाच निम्मी नावे तोंडपाठ झाली होती.

इतिहासाचा भाग थोडक्यात उरकला गेला. त्यातली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. ज्याला जगभर 'स्वीडिश मसाज' म्हणतात त्याचे श्रेय सरसकट पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढली हे खरे आहे. पण लांब सरकता हात, मळणे, घासणे, थोपटणे या क्रियांची आज वापरात असलेली फ्रेंच नावे रूढ झाली ती डच डॉक्टर योहान गेऑर्ग मेझगर यांच्या परंपरेतून.

जूनमध्ये हातकाम सुरू झाले, आणि पहिल्या दिवशी आम्हाला मालिश शिकवण्याऐवजी उभे राहायला शिकवले गेले. टेबलाची उंची अशी ठेवायची की हात सरळ खाली सोडून मूठ वळली तर बोटांची पेरे पृष्ठभागाला टेकावीत. एक पाय पुढे, एक मागे, धनुष्य ताणणाऱ्या माणसासारखे उभे राहायचे, मनगट सरळ ठेवायचे, आणि दाब हातातून न देता मागच्या टाचेपासून अंग पुढे झुकवून द्यायचा. मग चादर. एका वेळी शरीराचा जेवढा भाग हाताखाली आहे तेवढाच उघडा, बाकी सगळे झाकलेले, आणि कूस बदलताना चादर कशी धरायची याचा सराव आम्ही एकमेकांवर अंगभर कपडे घालून दोन दिवस केला. तो सराव मला तेव्हा अतिरेकी वाटला. टेबलावर झोपण्याची माझी पाळी आली, आणि पाठ झाकली जाताना श्वास सुटल्यासारखा वाटला, तेव्हा माझे मत बदलले.

आमच्या वर्गात एक दृष्टिहीन सहाध्यायी होता. आम्ही डोळे बारीक करून खांद्याच्या पात्याची कड शोधत असू तेव्हा त्याचा हात ती केव्हाच सोडून पुढे गेलेला असे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध उपचारकाने अंधांसाठी सुईउपचार आणि मालिश शिकवण्याची सोय केली, ही माहिती मला त्याच्याकडूनच मिळाली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही हाताने बघत नाही, डोळ्यांनी बघून हाताला सांगता." मग मी डोळे मिटून सराव करू लागले, आणि आखडलेल्या स्नायूतली सुतळीसारखी कडक रेघ जुलैच्या सुरुवातीला मला पहिल्यांदा बोटांना लागली.

त्याच आनंदात अंगठा गेला. सापडलेली प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबायची असा सपाटा मी लावला, घरी आल्यावर नवऱ्याच्या पाठीवर पुन्हा तासभर सराव केला, आणि तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडाचा सांधा इतका दुखू लागला की डब्याचे झाकण उघडेना. डॉक्टरांनी तीन आठवडे हात बांधून ठेवायला सांगितले. त्या काळात हातकामाचे १८ तास बुडाले आणि ते पुढे जादा शुल्क भरून पूर्ण करावे लागले. आमच्या शिक्षिका रागावल्या नाहीत. "हात गेले की हा धंदा गेला, मग पुन्हा हिशेबच लिहा," एवढे म्हणून त्यांनी मला पुढचा महिनाभर अंगठा वापरायला बंदी केली. कोपराखालचा हात, मूठ, बोटांची पेरे आणि क्वचित कोपर, यांनीच काम करायचे. आज माझे सत्तर टक्के काम कोपराखालच्या हाताने होते. शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की सरावाचे तास मोजा, आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त पूर्ण बैठका पहिल्या वर्षात करू नका.

सप्टेंबरपासून आजारांचा विषय सुरू झाला. ताप, संसर्गजन्य त्वचारोग, उघडी जखम असेल तर मालिश करायचे नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हातही न लावता माणसाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवायचे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला दाब जास्त झाल्याचे कळत नाही, म्हणून त्याच्या "चालू द्या" म्हणण्यावर विसंबायचे नाही. गळ्याची पुढची बाजू, काखेचा खळगा, गुडघ्यामागचा खळगा या ठिकाणी रक्तवाहिन्या आणि नसा वरच असतात, तिथे खोल दाब द्यायचा नाही. बदामाचे तेल वापरायचे असेल तर सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारायचे. शिवाय मालिशने शरीरातली 'विषद्रव्ये' बाहेर पडतात असे कोणाला सांगायचे नाही, कारण त्याला आधार नाही. व्यायामानंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट हे द्रव्य साधारण तासाभरात आपोआप कमी होते, त्यासाठी आपले हात लागत नाहीत. आलेल्या माणसाला 'पेशंट' म्हणायलाही आम्हाला मनाई होती, कारण निदान करणे हे आमचे काम नव्हे.

हे सगळे वहीत होते, तरीही नोव्हेंबरात माझ्या हातून चूक झाली. संस्थेच्या क्लिनिकमध्ये साठीच्या आसपासचे एक काका आले. फॉर्मवर 'आपल्याला कोणताही आजार आहे का?' या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'नाही' असे लिहिले होते. मी तो कागद वाचला, मान डोलावली आणि मांडीच्या मागच्या बाजूवर ते सांगतील तेवढ्या जोराने काम केले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की मांडीवर तळहाताएवढे दोन काळेनिळे डाग पडले आहेत. ते रोज रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. तुम्ही लिहिले का नाही, असे मी विचारल्यावर ते साधेपणाने म्हणाले, "आजार नाहीच ना आता. गोळी चालू आहे म्हणून तर बरा आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सुदैवाने त्यांच्या डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले. संस्थेत घटनेची नोंद झाली, माझा लेखी खुलासा घेतला गेला, आणि चार बैठका शिक्षिकांना शेजारी उभे करून पुन्हा द्याव्या लागल्या. खुलासा लिहिताना मला माझ्याच मानेची ती वीस मिनिटे आठवली. त्या बाईंनी मला 'आजार आहे का' असे विचारलेच नव्हते. 'रोज कोणत्या गोळ्या घेता' असे विचारले होते. मी संस्थेला फॉर्ममधला प्रश्न बदलण्याची विनंती केली आणि ती डिसेंबरात मान्य झाली. त्यानंतर मी फॉर्म भरलेला असला तरी चार प्रश्न तोंडाने पुन्हा विचारते: रोजच्या गोळ्या कोणत्या, गेल्या वर्षभरात दवाखान्यात दाखल झाला होता का, कुठे बधिर वाटते का, आणि आज कुठे हात लावलेला चालणार नाही. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि मग काहीतरी सांगतात, जे कागदावर कधीच आले नसते.

परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. लेखी परीक्षेत १०० प्रश्न होते आणि वेळ दोन तास. प्रात्यक्षिकाला परीक्षक स्वतः टेबलावर झोपतात, ही गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. माझे हात बर्फासारखे गार पडले होते. मी ते गरम पाण्याखाली धरून पुसले, आणि "हात थोडे गार असतील, क्षमा करा" असे सांगून सुरुवात केली. पुढे निकालपत्रात 'संवाद' या शीर्षकाखाली मिळालेले गुण 'तंत्र' या शीर्षकापेक्षा जास्त निघाले. तंत्रात मला काठावरच पास केले होते.

निकाल १७ फेब्रुवारीला लागला आणि मला वाटले की संपले. खरा घोळ त्यानंतर झाला. नोंदणीच्या अर्जासोबत व्यावसायिक दायित्व विम्याची, म्हणजे आपल्या कामामुळे कोणाला इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याची, प्रत जोडायची होती, आणि विमा कंपनीच्या अर्जात नोंदणी क्रमांक लिहिल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. क्रमांकासाठी विमा आणि विम्यासाठी क्रमांक, यात अकरा दिवस आणि नऊ फोन गेले. शेवटी विमा कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की निकालपत्र आणि नोंदणी अर्जाची पोच जोडली तर तात्पुरती पॉलिसी देता येते. तेव्हा आधी अर्ज अपुरा असतानाच दाखल करा, पोच घ्या, आणि ती पोच घेऊन विम्याकडे जा. अर्ज तीन आठवड्यांनी परत आला, कारण प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावर आडनाव वेगळे होते आणि मी प्रतिज्ञापत्राची प्रत जोडायला विसरले होते. चारित्र्य प्रमाणपत्र नव्याने काढण्यात आणखी पंधरा दिवस गेले. पत्र आले तेव्हा मी कार्यालयात महिनाअखेरचे हिशेब जुळवत होते, आणि पाकीट फोडायला संध्याकाळ झाली.

मे महिन्यापासून मी एका केंद्रात आठवड्याला चौदा तास काम करते आणि हिशेबाची नोकरी अर्धवेळ केली आहे. उत्पन्न अजून जुन्या पगाराच्या पाऊणपट आहे. दिवसाला चारपेक्षा जास्त बैठका घेत नाही, आणि दोन बैठकांमध्ये वीस मिनिटे ठेवते, कारण नोंद लिहायला, चादर बदलायला आणि हात धुऊन ताणायला तेवढा वेळ लागतोच. तेलकट चादरींबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे: त्या धुऊन ड्रायरमधून काढल्यावर गरम असताना घडी घालून रचू नका. तंतूंत राहिलेले तेल आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकते.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही मला मिळाले आहे, पण ते गोड नाही. आठवड्यातून एखादा तरी फोन असा येतो की पलीकडचा माणूस आवाज खाली आणून "अजून काय काय असतं?" असे विचारतो. सुरुवातीला मी थरथरत फोन ठेवत असे. आता एक वाक्य ठरवून ठेवले आहे: "इथे फक्त उपचारासाठी मालिश होते, प्रत्येक बैठकीची लेखी नोंद ठेवली जाते." नोंदीचा उल्लेख ऐकला की असे फोन आपोआप बंद होतात. प्रत्यक्ष बैठकीत कोणी मर्यादा ओलांडली तर तिथेच काम थांबवून खोलीबाहेर पडायचे, पूर्ण पैसे घ्यायचे आणि केंद्राला लेखी कळवायचे, हे कामावर रुजू होण्यापूर्वीच मालकांशी बोलून ठरवून घ्या. लोकांना काय सांगायचे ते सासूबाईंनी स्वतःच ठरवले आहे. "सून खांदेदुखीवर काम करते," असे त्या सांगतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते काका केंद्रावर आले. संस्थेत चौकशी करून त्यांनी मला शोधून काढले होते, या वेळी कमरेसाठी. मी त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. चष्मा वर करून त्यांनी तो सावकाश वाचला, गोळीचे नाव आणि मात्रा लिहिली, मग पेन थांबवून मला विचारले, "हा प्रश्न मागच्या वेळी नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हटले, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणली आहे का ते विचारले. त्यांनी ती खिशातून काढून दिली.